समुद्री जीवाणू आणि सूक्ष्म शैवालांचे जैवपटल : एक विवेचन

सारांश

समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या प्रत्येक पृष्ठभागावर थोड्याच काळात एक बुळबुळीत थर तयार होतो. या थरास जैवपटल किंवा बायोफिल्म असे म्हणतात. जीवाणू व डायाटम हे त्याचे प्रमुख घटक होत. आधी जीवाणू येतात व नंतर डायाटम येतात, एवढाच त्यांचा संबंध दीर्घकाळ सांगितला जात असे. गेल्या काही दशकांतील संशोधनातून मात्र असे दिसून आले आहे की, डायाटम पृष्ठभागास चिकटतील की पाण्यात तरंगत राहतील, हेही काही वेळा सोबतचे जीवाणू ठरवितात. प्रस्तुत लेखात या प्रभावाचे मार्ग, त्याविषयीचा प्रायोगिक पुरावा, गोव्याच्या किनाऱ्यावरील संशोधन आणि या ज्ञानाचे व्यावहारिक व शैक्षणिक महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : जैवपटल, डायाटम, समुद्री जीवाणू, बहुवारिके, जीवाणुविरहित संवर्ध, झुआरी खाडी.

१. प्रस्तावना

कालव्याच्या दगडावर पाय ठेवताच तो घसरतो, हा अनुभव ग्रामीण भागातील प्रत्येकास असतो. बंदरात नांगरून ठेवलेल्या होडीच्या तळाला हात लावला तरी तसाच गुळगुळीत स्पर्श होतो. व्यवहारात या थरास सरसकट ‘शेवाळ’ म्हटले जाते. शास्त्रीय दृष्टीने पाहता हे नाव अपुरे आहे. या थरात शैवाल असते हे खरे. परंतु त्याच्या जोडीला असंख्य जीवाणू असतात आणि या दोघांनी स्रवलेल्या चिकट द्रव्याने सगळा थर एकत्र बांधलेला असतो.

या थरातील सूक्ष्म शैवालांत डायाटमांचा, म्हणजेच करंडक वनस्पतींचा, वाटा मोठा असतो. डायाटम एकपेशीय असून त्यांच्या पेशीभोवती सिलिकेचे कवच असते. करंडा व त्याचे झाकण यांप्रमाणे कवचाचे दोन भाग एकमेकांवर बसतात, म्हणूनच त्यांना मराठीत हे नाव मिळाले. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे एक पंचमांश भाग डायाटम करतात असे मानले जाते. महाराष्ट्रातही त्यांच्या अभ्यासाची परंपरा आहे. मुंबई व साष्टी येथील डायाटमांचे पद्धतशीर वर्णन एला गोन्साल्विस व एच. पी. गांधी यांनी १९५२ ते १९५४ या काळात प्रसिद्ध केले. तो अभ्यास वर्गीकरणाचा होता. डायाटम कोणत्या सोबत्यांसह राहतात आणि त्या सोबतीचा त्यांच्या वर्तनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

२. जैवपटलाची घडण

स्वच्छ काचपट्टी समुद्राच्या पाण्यात बुडविली असता काही मिनिटांतच पाण्यातील विरघळलेले सेंद्रिय रेणू तिच्यावर बसू लागतात. या अदृश्य लेपामुळे पृष्ठभागाचा विद्युतभार व ओलसर होण्याची क्षमता बदलते. पुढील काही तासांत जीवाणू येतात. प्रथम ते सैलपणे टेकतात आणि नंतर चिकट द्रव्य स्रवून स्थिर होतात. एक-दोन दिवसांत डायाटम दिसू लागतात. त्यानंतर आदिजीव, मोठ्या शैवालांचे बीजाणू आणि बार्नॅकलसारख्या प्राण्यांचे डिंभ यांची वस्ती होते.

जीवाणूंच्या या आद्य भूमिकेकडे अमेरिकेतील समुद्री जीवाणुशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल व एस्थर ॲलन यांनी १९३५ मध्ये लक्ष वेधले. पाण्यात बुडविलेल्या काचपट्ट्यांचे निरीक्षण करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, जीवाणूंचा थर पुढील जीवांच्या वसाहतीस अनुकूल ठरतो. या विवेचनामुळे पाठ्यपुस्तकांत ‘लेप, जीवाणू, डायाटम, प्राणी’ अशी क्रमवारी रूढ झाली. ही क्रमवारी अध्यापनास सोयीची आहे. तथापि निसर्गात प्रत्येक वेळी ती तशीच पाळली जाते असे नाही. पाण्यात डायाटमांची विपुलता असेल तर ते जीवाणूंबरोबरच येतात. शिवाय येताना स्वतःच्या कवचावर जीवाणूंना घेऊनच येतात. म्हणून ‘कोण आधी’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाच्या सान्निध्याने कोणाचे वर्तन बदलते’ हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

३. डायाटमांचा चिकट स्राव

पृष्ठभागावर राहणारे बहुसंख्य डायाटम लांबट आकाराचे असतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या कवचावर एक लांब चीर असते. या चिरेतून चिकट द्रव्य स्रवते व त्याच्या साहाय्याने पेशी पृष्ठभागावर सरकते. नॅव्हिक्युला व ॲम्फोरा या प्रजाती याची परिचित उदाहरणे होत. काही डायाटम देठासारखा तंतू तयार करून त्याच्या टोकाशी राहतात, तर काही स्वतःभोवती जाड आवरण निर्माण करतात.

या सर्व स्रावांना पेशीबाह्य बहुवारिक द्रव्ये म्हणतात. त्यांत बहुशर्करांचे प्रमाण अधिक असून प्रथिनेही असतात. प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या कार्बनाचा मोठा भाग डायाटम या कामी खर्च करतात. या द्रव्यांचे दोन प्रकार लक्षात घेणे आवश्यक आहे. विद्राव्य द्रव्ये पाण्यात मिसळून जातात. अविद्राव्य द्रव्ये पेशीभोवती टिकून राहतात आणि पेशीला पृष्ठभागाशी जखडतात. जैवपटलाचे बळ प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारावर अवलंबून असते. जीवाणूंचा हस्तक्षेप होतो तो नेमका येथेच.

४. जीवाणूंच्या प्रभावाचे मार्ग

जिवंत शैवालपेशीभोवती तिच्या स्रावांनी समृद्ध असा पाण्याचा अत्यंत पातळ पट्टा असतो. वनस्पतीच्या मुळांभोवतीच्या मातीत जशी सूक्ष्मजीवांची दाटी असते, तशीच या पट्ट्यात जीवाणूंची असते. बेल व मिचेल यांनी १९७२ मध्ये या पट्ट्यास ‘फायकोस्फिअर’ ही संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘शैवालपरिसर’ म्हणता येईल. या परिसरातील देवाणघेवाण पुढील चार मार्गांनी होते.

(अ) पोषण : शैवालाने स्रवलेली शर्करा जीवाणूंचे अन्न होते. त्याच्या बदल्यात जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा उपलब्ध करून देतात. जीवनसत्त्व ब-१२ चे उदाहरण विशेष बोलके आहे. हे जीवनसत्त्व केवळ जीवाणू व आर्किया हेच तयार करू शकतात. क्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३२६ शैवाल जातींविषयीची माहिती तपासली असता त्यांपैकी १७१ जातींना, म्हणजे निम्म्याहून अधिक जातींना, ते बाहेरून मिळणे आवश्यक असल्याचे आढळले. अशा जातींची वाढ जीवाणूंशी थेट बांधलेली असते. ज्यांची वाढच खुंटली आहे अशा पेशी दाट जैवपटल निर्माण करू शकत नाहीत, हे उघड आहे.

(ब) रासायनिक संदेश : काही जीवाणू वाढीस चालना देणारी संप्रेरके स्रवतात. अमीन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले की, सल्फिटोबॅक्टर हा जीवाणू स्युडो-नित्शिया या डायाटमाने पुरविलेल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल ॲसेटिक आम्ल तयार करतो व त्यामुळे डायाटमाचे पेशीविभाजन वेगाने होते. हे आम्ल वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ऑक्सिन म्हणून परिचित आहे. याशिवाय जीवाणू आपल्या संख्येचा अंदाज घेण्यासाठी परस्परांत जे संदेशरेणू सोडतात, त्यांची दखल शैवालेही घेतात. समुद्री लेट्यूस या हिरव्या शैवालाचे पोहणारे बीजाणू जीवाणूंच्या अशा संदेशरेणूंकडे आकृष्ट होऊन तेथेच स्थिरावतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. हे शैवाल डायाटम नव्हे. परंतु जीवाणूंची रासायनिक भाषा शैवालांना कळू शकते, याचा तो स्पष्ट पुरावा आहे.

(क) बहुवारिकांवरील प्रक्रिया : जीवाणूंची विकरे डायाटमांच्या बहुशर्करांचे तुकडे करतात, तर जीवाणूंचे स्वतःचे स्राव त्यांत मिसळून वेगळेच जाळे तयार होते. त्यामुळे एकाच डायाटमाचा थर एका जीवाणूसोबत घट्ट, तर दुसऱ्यासोबत विसविशीत होऊ शकतो.

(ड) विरोध : सर्वच जीवाणू उपकारक नसतात. कॉर्डिया अल्जिसिडा हा समुद्री जीवाणू प्रथिने तोडणाऱ्या विकरांच्या साहाय्याने स्केलेटोनेमा या डायाटमाच्या पेशी नष्ट करतो. कीटोसेरॉस डिडिमस ही डायाटमाची जाती मात्र त्यास दाद देत नाही. म्हणजे विरोधही निवडक असतो आणि त्यातून जैवपटलात कोणत्या जाती टिकणार हे ठरते.

५. जीवाणुविरहित संवर्धांचा पुरावा

जीवाणूंचा परिणाम सिद्ध करावयाचा तर जीवाणू काढून टाकल्यावर काय होते ते पाहणे हा सरळ मार्ग होय. जर्मनीतील कॉन्स्टान्झ सरोवराच्या काठावरील डायाटमांवर या दिशेने दीर्घकाळ काम झाले. तेथील डायाटमांसोबतच्या जीवाणूंची ओळख पटवून, डायाटमांची वाढ व बहुवारिकांचा स्राव यांवर त्यांचा होणारा परिणाम २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडण्यात आला. बहुलीकर व रहाळकर हे मराठी संशोधक त्याचे सहलेखक होते.

याच मालिकेतील २०१५ चा अभ्यास अधिक निर्णायक ठरला. ॲक्नॅन्थिडियम मिनुटिसिमम हा डायाटम जीवाणूंसह वाढविला असता त्याच्या पेशींभोवती अविद्राव्य बहुशर्करांचे आवरण तयार झाले व पेशी पृष्ठभागास चिकटल्या. जीवाणुविरहित संवर्धात तोच डायाटम पूर्णपणे तरंगत राहिला; त्याच्याभोवती आवरण नव्हते. महत्त्वाची गोष्ट अशी की, तो शर्करा स्रवत नव्हता असे नव्हे. शर्करा भरपूर होती, परंतु ती विद्राव्य स्वरूपात होती. पुढे संशोधकांनी जीवाणू न घालता, जीवाणू वाढवून घेतलेले द्रावण तेवढे मिसळले, तरीही आवरण व जैवपटल निर्माण झाले. जीवाणूचा प्रत्यक्ष स्पर्श येथे अनिवार्य नव्हता. त्याने सोडलेले विरघळणारे रेणू पुरेसे होते.

हा प्रयोग गोड्या पाण्यातील होता. समुद्रातील निकटचे उदाहरण थॅलॅसिओसिरा वाइसफ्लॉगी या तरंगत्या डायाटमाचे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जीवाणुविरहित पेशींचे पुंजके बनले नाहीत. मरिनोबॅक्टर ॲडहीरेन्स हा चिकटणारा जीवाणू सोबत असता मात्र पुंजके बनले. येथे पेशीस चिकटण्याची जीवाणूची क्षमता महत्त्वाची ठरली. दोन्ही उदाहरणांतील यंत्रणा भिन्न आहेत. निष्पत्ती मात्र समान आहे. चिकटणे व एकत्र येणे हा डायाटमाचा एकट्याचा गुणधर्म नाही.

यातून एक पद्धतिशास्त्रीय प्रश्न उपस्थित होतो. शुद्ध संवर्ध हा सूक्ष्मजीवशास्त्राचा पाया मानला जातो आणि जातीचे खरे गुणधर्म शुद्ध संवर्धातच दिसतात असे शिकविले जाते. वरील डायाटमाचा अभ्यास केवळ शुद्ध संवर्धात झाला असता, तर ‘ही जाती जैवपटल तयार करीत नाही’ असा निष्कर्ष निघाला असता. प्रयोग निर्दोष असूनही तो निष्कर्ष निसर्गाच्या दृष्टीने चुकीचा ठरला असता.

६. गोव्याच्या किनाऱ्यावरील संशोधन

भारतात या विषयाचे महत्त्वाचे केंद्र म्हणजे गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली ही संस्था मांडवी व झुआरी या दोन नद्यांच्या मुखांदरम्यान वसलेली आहे. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात या खाड्यांत गोड्या पाण्याचा लोंढा येतो व क्षारता घटते. पावसाळा संपल्यावर ती पुन्हा वाढते. एकाच ठिकाणी वर्षभरात इतका पालट होत असल्याने जैवपटलावरील ऋतूंचा परिणाम अभ्यासण्यास हा किनारा अतिशय सोयीचा आहे.

जगदीश पाटील व ए. सी. अनिल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत जैवपटलातील डायाटम समुदाय ऋतू व पृष्ठभाग यांनुसार कसा बदलतो हे तपासले. पृष्ठभागावरून डायाटम कसे काढावेत व कसे मोजावेत, या वरकरणी साध्या प्रश्नावरही त्यांनी स्वतंत्र काम केले. त्याच वर्षी त्यांनी बार्नॅकलच्या डिंभांचे रूपांतरण डायाटमांचे थर व त्यांची बहुवारिके यांमुळे कसे प्रभावित होते हे मांडले. एन. बी. भोसले व सहकाऱ्यांनी याच संस्थेत जीवाणू व डायाटम यांच्या बहुवारिकांच्या रासायनिक अभ्यासाचे काम केले.

प्रिया डी’कोस्टा व अनिल यांनी २०११ मध्ये याच विषयाला प्रतिजैविकांच्या मार्गाने हात घातला. नैसर्गिक समुदायातील प्रत्येक डायाटम वेगळा करून जीवाणुविरहित करणे अशक्यप्राय असते. त्याऐवजी संपूर्ण समुदायावर प्रतिजैविकांचा प्रयोग करावयाचा व जीवाणू दबले असता डायाटमांच्या रचनेत काय फरक पडतो ते पाहावयाचे, असा हा मार्ग आहे. पुढे पेनिसिलिनचा वापर करून त्यांनी जीवाणूंचे हे महत्त्व वेगवेगळ्या ठिकाणी व ऋतूंत कसे बदलते याचाही शोध घेतला. प्रयोगशाळेतील एक जीवाणू व एक डायाटम यांच्या जोडीपुरता मर्यादित असलेला प्रश्न त्यामुळे खाडीतील प्रत्यक्ष समुदायापर्यंत पोहोचला.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. पेनिसिलिन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेच्या निर्मितीत अडथळा आणते. परंतु सर्वच जीवाणू त्यास बळी पडत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉलसारखे प्रतिजैविक तर जीवाणूंबरोबरच डायाटमांच्या हरितलवकांतील प्रथिननिर्मितीसही बाधा आणू शकते. कारण हरितलवकांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमसारखे असतात. अशा वेळी डायाटमांची घट जीवाणूंच्या अभावाने झाली की औषधाने झाली, हे वेगळे काढावे लागते.

७. व्यावहारिक महत्त्व

जहाजाच्या तळावर बसलेला बुळबुळीत थर पाण्याशी होणारे घर्षण वाढवितो व इंधन अधिक लागते. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांच्या एका वर्गाविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तळावरील जैविक साचण्यामुळे त्या वर्गास दरवर्षी सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च येतो असा अंदाज वर्तविण्यात आला. त्यातील मोठा भाग इंधनाचा होता.

हा थर रोखण्यासाठी पूर्वी ट्रायब्युटिल टिन असलेले रंग वापरले जात. समुद्री गोगलगायींसारख्या जीवांवर त्यांचे गंभीर दुष्परिणाम दिसून आल्याने त्यांना प्रतिबंध करणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला व १७ सप्टेंबर २००८ पासून तो अमलात आला. त्यानंतर तांबेयुक्त रंग व सिलिकॉनचे निसरडे लेप यांवर भर आला. परंतु ॲम्फोरा प्रजातीतील काही डायाटम तांबे सहन करतात, आणि सिलिकॉनच्या ज्या लेपांवरून बार्नॅकल सहज सुटतात त्यांवरच डायाटमांचा थर चिवटपणे टिकतो. जीवाणू वगळून केवळ डायाटमांवर केलेल्या चाचण्यांतून एखादा लेप यशस्वी ठरला, तरी प्रत्यक्ष बंदरात तो तसाच यशस्वी होईल याची खात्री देता येत नाही. उलटपक्षी, डायाटमांना चिकटण्यास प्रवृत्त करणारे जीवाणूंचे रेणू ओळखता आले, तर विष न वापरता केवळ तो संदेश रोखण्याचा मार्ग विचारात घेता येईल.

जैवपटल नेहमीच उपद्रवी असते असेही नाही. खाडीतील चिखल व वाळूचे कण डायाटमांच्या स्रावांनी बांधले जातात व किनाऱ्याची धूप मंदावते. मत्स्यसंवर्धनात हा थर लहान जीवांचे अन्न होतो. त्यामुळे काही ठिकाणी तो टाळण्यासाठी, तर काही ठिकाणी तो वाढविण्यासाठी जीवाणू व डायाटम यांच्या संबंधाचे ज्ञान उपयोगी पडते.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील शक्यता

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीसारख्या गावापासून समुद्र दूर आहे. परंतु कॉन्स्टान्झ सरोवरातील प्रयोगांनी दाखविल्याप्रमाणे हा संबंध केवळ समुद्रापुरता नाही. ॲक्नॅन्थिडियम मिनुटिसिमम हा डायाटम तर जगभरातील गोड्या पाण्यात विपुल आढळतो. भीमा व घोड या नद्या, कालवे, विहिरी व शेततळी येथील दगडांवरील थर हे पदव्युत्तर प्रकल्पासाठी उत्तम साहित्य आहे.

अशा प्रकल्पात चार गट ठेवणे इष्ट होय : जीवाणूंसह डायाटम, जीवाणुविरहित डायाटम, जीवाणुविरहित डायाटम अधिक ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळलेले जीवाणूंचे द्रावण. आणि केवळ निर्जंतुक माध्यम. काचपट्ट्यांवर चिकटलेल्या पेशी ठरावीक दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. येथे दोन दक्षता आवश्यक आहेत. पहिली म्हणजे, स्फटिक जांभळ्या रंगाने जीवाणू व डायाटम दोन्ही रंगत असल्याने केवळ रंगाच्या तीव्रतेवरून डायाटमांचे प्रमाण ठरवू नये. सोबत हरितद्रव्याचे मापन करावे. दुसरी म्हणजे, पोषक आगर माध्यमावर काही उगवले नाही एवढ्यावरून संवर्ध जीवाणुविरहित झाला असे समजू नये, कारण अनेक जीवाणू त्या माध्यमावर वाढतच नाहीत. केंद्रकाम्ल रंगवून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी. ती सोय नसल्यास ‘जीवाणूंचे प्रमाण घटविलेला संवर्ध’ अशीच प्रामाणिक नोंद करावी.

९. निष्कर्ष

समुद्री जीवाणू डायाटमांच्या जैवपटलावर पोषण, रासायनिक संदेश, बहुवारिकांवरील प्रक्रिया व निवडक विरोध अशा मार्गांनी प्रभाव टाकतात. हा प्रभाव केवळ वाढ कमी-अधिक होण्यापुरता नसून, स्रवलेली शर्करा पाण्यात विरून जाणार की पेशीला पृष्ठभागाशी बांधणार, इथपर्यंत तो पोहोचतो. मात्र तो सर्वत्र सारखा नाही. जाती, ठिकाण व ऋतू यांनुसार तो पालटतो. म्हणून एखादा डायाटम ‘जैवपटल तयार करतो’ किंवा ‘करीत नाही’ असे विधान करताना तो कोणत्या जीवाणूंसह व कोणत्या परिस्थितीत तपासला गेला, याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. हीच अट जहाजाच्या लेपांच्या चाचण्यांना लागू आहे आणि कालव्याच्या दगडावरील थराचे निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीलाही लागू आहे.